टॉवेल कारखान्यातली कामगार नोंद: प्रकल्प नोंदी

३ जानेवारी २०२४, बुधवार

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात आजपासून काम सुरू केलं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "ताई, चौसष्ट माणसांची नोंद एका जागी आणून द्या. आणि दर महिन्याला माणशी भाडं मागणारं काही नको."

सध्या नोंदी चार जागी विखुरल्यात. दिवाणजींच्या संगणकावर एक्सेलची फाइल आहे, मुकादमांच्या खिशात उचलीची डायरी, फाटकावर हजेरीचं मस्टर. चौथी जागा म्हणजे पंधरा वर्षं वापरलेला पगाराचा तयार प्रोग्राम. तो डोंगल, म्हणजे संगणकात खोचायची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नसे. दिवाळीनंतर तो संगणकच बिघडला, आणि ज्यांनी प्रोग्राम विकला होता त्यांचा फोन आता लागत नाही. कोण कधी कामाला लागलं याचा जुना इतिहास त्यातच अडकला आहे.

सगळे मला विचारतात, कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं. मी मात्र प्रत्येक सॉफ्टवेअरला आधी हेच विचारणार आहे: उद्या तू बंद पडलास तर आमच्या नोंदी आमच्या हातात राहतील का?

५ जानेवारी, शुक्रवार

दिवसभर एक्सेलची फाइल तपासली. माणसं चौसष्ट, ओळी एकाहत्तर. पाच जण दोनदा आहेत, एक जण तीनदा. सुट्टीला गावी गेलेला माणूस चार-सहा महिन्यांनी परत आला की त्याला नवा नंबर देऊन नवी ओळ टाकायची, अशी इथली पद्धत. पुढे ग्रॅच्युइटीसाठी सेवेची वर्षं मोजायची वेळ आली तर कोणती ओळ धरणार?

यापेक्षा जास्त काळजी बँक खात्यांच्या रकान्याची वाटली. एक्सेल आकड्याचे पहिले पंधरा अंकच नीट धरून ठेवतं. खातं सोळा अंकी असेल आणि रकाना मजकुराचा केलेला नसेल, तर शेवटच्या अंकाचा शून्य होतो, आणि तोही गुपचूप. सुरुवातीचे शून्य तर टाइप करताच गळतात. नोव्हेंबरात पॅकिंगच्या एका पोराचा पगार परत आला होता, तो का आला हे आज कळलं. त्याच्या खात्याचा शेवटचा अंक सात होता, फाइलीत शून्य आहे. पगार परत आला हे नशीब. एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावरच जमा होतात, नाव जुळवलं जात नाही. तो चुकीचा क्रमांक खरोखर कुणाचा असता तर?

संध्याकाळी वहीत पहिला नियम लिहिला. ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी कधीच होणार नाही, ते सगळे मजकूर म्हणून साठवायचे. खाते क्रमांक, यूएएन म्हणजे पीएफचा क्रमांक, विम्याचा क्रमांक, मोबाइल, सगळं.

८ जानेवारी, सोमवार

आज नावं. सोलापुरात या कामाला वेगळा वेळ काढावाच लागतो. एकाच हॉलमध्ये तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारी माणसं आहेत. एकच माणूस आधारवर वेंकटेश, बँकेत व्यंकटेश आणि मस्टरवर नुसता वेंकू. पद्मशाली या तेलुगू विणकर समाजाच्या घरांत आडनाव आधी लिहायची रीत, बँकेच्या फॉर्मवर ते शेवटी जातं, मग दोन कागदांवर दोन वेगळी माणसं दिसतात.

हेमिंगच्या, म्हणजे टॉवेलच्या कडा शिवायच्या, टेबलावर एक मावशी आहेत. अकरा वर्षं इथं शिवतात. मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून पैसे काढायला गेल्या तर अर्ज फेटाळला गेला. इंग्रजीत लक्ष्मी लिहिताना आधारवर 'एक्स' आहे आणि पीएफच्या नोंदीत 'केएसएच'. पीएफचं नाव भरलं होतं इथूनच, कुणीतरी ऐकून, अंदाजानं. लग्न व्याजाचे पैसे काढून झालं. त्या शांतपणे म्हणाल्या, "एका अक्षराचं व्याज भरते मी." दुपारचा डबा तसाच परत नेला मी.

नावासाठी तीन रकाने ठेवायचे ठरलं: आधारवर जसं आहे तसं, बँकेत जसं आहे तसं, आणि कारखान्यात हाक मारतात ते. तिन्ही कागद समोर ठेवूनच भरायचे, ऐकून नाही.

जन्मतारखाही पाहिल्या. एकोणीस जणांची १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख ती. तेव्हा नाव आणि जन्मतारीख जोडून माणूस ओळखायचा हा मार्ग इथं चालणार नाही. आणि जन्मतारीख नुसती शोभेची नसते. ५८ वर्षं पूर्ण झाली की पेन्शन योजनेत जाणारा वाटा थांबतो आणि मालकाचा सगळा हिस्सा पीएफ खात्यात जायला लागतो. तारीख चुकली तर माणसाची पेन्शन चुकते.

१० जानेवारी, बुधवार

आज पर्यायांचा दिवस.

मासिक भाड्याच्या ऑनलाइन सेवा आधी बाजूला ठेवल्या. त्या वाईट नाहीत, दहा जणांच्या ऑफिसला सोयीच्याही पडतील. पण माणशी दर महिन्याला पैसे द्यायचे म्हणजे चौसष्ट माणसांचं भाडं कायमचं मागं लागलं. वर भाडं थकलं तर स्वतःच्याच नोंदींपुढं दार बंद. अण्णांनी हा अनुभव एकदा घेतला आहे.

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस हा नोंदी ठेवायचा प्रोग्राम मी कॉलेजात शिकले, हात बसलेला आहे. फॉर्म आणि छापील तक्ते इतके सहज दुसऱ्या कशात होत नाहीत. एका फाइलला २ जीबीची मर्यादा असते, आम्हाला ती आडवी येणार नाही. अडचण फाटकाच्या संगणकाची आहे. तो वायफायवर चालतो, यंत्रमागांच्या शेडपलीकडून, आणि ॲक्सेसची फाइल नेटवर्कवर उघडी असताना जोडणी तुटली तर फाइल बिघडू शकते. शिवाय चालतं फक्त विंडोजवर, आणि पैसे मोजावे लागतात.

एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा मायक्रोसॉफ्टचाच डेटाबेस, म्हणजे नोंदींचं कोठार, फुकट आहे, २०२२ च्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीपर्यंत चालतं. पण ठरल्या वेळी आपोआप बॅकअप घेणारा एजंट या आवृत्तीत नसतो. ती सोय बाहेरून करता येते, तरी पहिल्या क्रमांकावर ठेवावंसं वाटलं नाही.

एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस मला मनापासून आवडतो. २००० साली रिचर्ड हिप यांनी लिहिलं, सार्वजनिक मालकीचं आहे, सगळा डेटाबेस एका फाइलीत मावतो. एकाच टेबलावरचं काम असतं तर आजच थांबले असते. पण आमची तीन टेबलं आहेत: ऑफिस, फाटक, मुकादम. नेटवर्कवर ठेवलेली फाइल अनेकांनी लिहायला घेतली तर एकाच्या लिहिण्यावर दुसऱ्यानं लिहू नये म्हणून असलेल्या तिच्या कुलपांचा भरवसा नाही, हे ती बनवणारेच सांगतात. आणि कुणाला काय दिसावं, याचे वेगळे परवाने त्यात नाहीत.

लिबरऑफिस बेस, म्हणजे लिबरऑफिस संचातला ॲक्सेससारखा प्रोग्राम, फुकट आहे. त्याच्या पोटातला डेटाबेस वापरायचा की त्याचे नुसते फॉर्म वापरून मागं दुसरा डेटाबेस जोडायचा, हा खरा प्रश्न. मागं जोडायला मारियाडीबी आणि पोस्टग्रेस हे दोन डेटाबेस आहेत. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्त परवान्याचे, दोन्हींत एकावेळी अनेकांना काम करता येतं. पोस्टग्रेसचं मूळ १९८६ साली बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. इतकी वर्षं टिकलेली गोष्ट एका विक्रेत्याचा फोन बंद झाला म्हणून बंद पडत नाही. मारियाडीबीही पुरलं असतं. मराठीसाठी पोस्टग्रेस आजमावायचं ठरवलं.

१३ जानेवारी, शनिवार

उद्या भोगी, सिद्धेश्वरांच्या अक्षता. अर्धी शेड आजच रिकामी, पोरांना गड्ड्यावर, सिद्धेश्वरांच्या जत्रेत, जायचंय. बुधवारपर्यंत काम थांबलं.

१७ जानेवारी, बुधवार

कागदावर तक्ते आखले. सॉफ्टवेअर कोणतंही निघालं तरी हे काम वाया जाणार नाही, म्हणून घाई केली नाही.

माणसाचा तक्ता एक. त्यात माणूस एकदाच येणार, आयुष्यभर एकच नंबर. नोकरीच्या काळाचा तक्ता वेगळा: कधी लागला, कधी गेला, का गेला. परत आला की फक्त तिथं नवी ओळ, माणूस तोच. एकाहत्तर ओळींचं कोडं एवढ्यानंच सुटतं.

दरही तारखेसह ठेवायचे. इथं माग चालवणाऱ्यांना पीस रेट आहे, हेमिंगला डझनावर, चेकिंग-पॅकिंगला रोज. दर बदलला की दिवाणजी जुना आकडा पुसून नवा टाकतात. मग चार महिन्यांनी कुणी विचारलं, "ऑगस्टात मला कमी का दिलं?" तर उत्तर द्यायला काही उरत नाही. जुना दर पुसायचाच नाही. 'या तारखेपासून' एवढा रकाना जोडायचा.

कायद्याचे आकडेही तसेच. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये, कामगाराचे पाऊण टक्के, मालकाचे सव्वातीन टक्के, हे प्रमाण जुलै २०१९ पासून आहे. एखाद्याचा पगार मध्येच मर्यादेबाहेर गेला तरी तो सहामाही काळ संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. व्यवसाय कर पुरुषांना दहा हजारांवर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. बायकांना एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत माफ. दिवाणजींच्या सूत्रात ही माफी नव्हती. हेमिंगच्या दोघींचा पगार जास्त तासांमुळं काही महिने दहा हजारांवर गेला होता, त्यांचे २०० रुपये कापले गेले. यादी काढून अण्णांसमोर ठेवली. "परत द्या, याच पगारात," एवढंच बोलले.

२० जानेवारी, शनिवार

आज वायर उपटली.

मागांची मोटर सुरू होताना इथं दिवे मिचकावतात, उन्हाळ्यात वीज जाते ती सांगून जात नाही. तेव्हा लिहितालिहिता संगणक बंद पडला तर काय होतं, हे विकत घेण्याआधी पाहायलाच हवं होतं. जुन्या डेस्कटॉपवर पन्नास खोटी माणसं भरली. नोंदी चालू असतानाच प्लग ओढला, प्रत्येक पर्यायाला पाच-पाच वेळा.

लिबरऑफिस बेसच्या पोटातल्या डेटाबेसनं निराश केलं. फाइल सेव्ह झाल्यानंतर भरलेल्या नोंदी दोनदा गेल्या, एकदा फाइल दुरुस्त करून उघडावी लागली. तिथं सगळा डेटाबेस एका बांधलेल्या गाठोड्यासारखा असतो, गाठ मारण्याआधी वीज गेली की आतलं सांडतं. पोस्टग्रेस पाचही वेळा उठून उभं राहिलं. जी नोंद त्यानं 'झाली' म्हणून सांगितली होती ती प्रत्येक वेळी जागेवर होती.

दिवाणजी शेजारी उभे राहून बघत होते. हे कसं काय जमतं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, पोस्टग्रेस कुठलाही बदल आधी एका वहीत ओळीनं लिहून ठेवतं, मग निवांत ज्याच्या त्याच्या पानावर नेतं. मध्येच वीज गेली तर उठल्यावर ती वही पुन्हा वाचतं आणि राहिलेलं पुरं करतं.

"म्हणजे आधी रोजमेळ, मग खतावणी," ते म्हणाले. "ह्ये तर आमचंच की, ताई."

अगदी तेच. गेले दोन आठवडे ते या सगळ्याकडं लांबून बघत होते, आज खुर्ची ओढून बसले. एकच अट घालावी लागली, डिस्कवर खरोखर लिहून झाल्याची वाट न पाहणारी सेटिंग कुणी वेगासाठी चालू करायची नाही. त्यांनी ती अट स्वतःच्या अक्षरात भिंतीवर लावली.

२४ जानेवारी, बुधवार

मराठी क्रमवारी. साध्या युनिकोड, म्हणजे संगणकातल्या अक्षर-संकेतांच्या, क्रमानं यादी लावली की काळे येतात कावळेंच्या आधी, कारण तिथं ळ बसलाय ल च्या लगेच नंतर. आपल्या वर्णमालेत तो ह च्या पुढं. क्षीरसागर क मध्ये सापडतात, आपण शोधतो शेवटी. पोस्टग्रेसमध्ये मराठीचा क्रम निवडता येतो, तो लावला.

गोऱ्हे आडनावानं मात्र दुपार खाल्ली. यादीत नाव डोळ्यांना दिसतं, शोधलं तर सापडत नाही. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो सारखाच, आत मात्र वेगळे संकेत असतात. दिवाणजींचा कीबोर्ड एक तऱ्हा लिहितो, फाटकावरचा दुसरी. नोंद साठवतानाच दोन्हींचं एक रूप करणारा छोटा नियम डेटाबेसमध्ये लिहिला. आपल्या लिपीतली ही गोष्ट बाहेरचं कुणी आपल्यासाठी तपासून ठेवणार नाही, ती आपणच पाहायला हवी.

२९ जानेवारी, सोमवार

कुणाला काय दिसावं. फाटकावर नाव, फोटो, पाळी आणि आज हजर की नाही, इतकंच. मुकादमांना उचल आणि दर. बँक, जन्मतारीख, पीएफ फक्त दिवाणजी आणि अण्णांना. पोस्टग्रेसमध्ये हे परवाने डेटाबेसच सांभाळतो. फॉर्मवर रकाना लपवून ठेवणं म्हणजे परवाना नव्हे, दुसऱ्या वाटेनं तो उघडता येतो.

आधारच्या झेरॉक्सांचा गठ्ठा कपाटावर उघडा पडलेला होता, तो कुलपात गेला. डेटाबेसमध्ये आधारचे शेवटचे चार अंक आणि 'कागद पाहिला' ही खूण, बस. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा मंजूर झाला, त्यासाठी तर हे करायचंच. पण तो नसता तरी केलं असतं. माणसानं विश्वासानं दिलेला कागद आहे तो. जातीचा आणि धर्माचा रकाना जुन्या फाइलीत होता. पगाराला त्याची गरज नाही, नव्या तक्त्यात घेतला नाही.

उचलीच्या डायरीवरून मुकादम अडून बसले. वीस वर्षांची सवय, आणि हिशोब उघडा झाला तर आपल्यावर शंका घेतील ही भीती. मी डायरी बंद करायला सांगितलं नाही. रोज संध्याकाळी त्यांनी वाचायची, दिवाणजींनी भरायची, आणि पगाराच्या चिठ्ठीवर प्रत्येकाला आपली उचल, फेड आणि बाकी छापून द्यायची, असं ठरलं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठी गोष्ट झाली. अण्णांच्या घरी कपाटात २०१९ चा एक पेन ड्राइव्ह सापडला, बंद पडलेल्या प्रोग्रामच्या फायलींची नक्कल. आत साध्या डीबीएफ, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तक्त्यांच्या, फायली निघाल्या, लिबरऑफिसमधल्या एक्सेलसारख्या कॅल्कनं त्या सरळ उघडल्या. नावं जुन्या मराठी फॉन्टमधली, पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती अक्षरं युनिकोडमध्ये आणणारी जोडयादी बनवली, रात्री साडेअकरापर्यंत बसून एकेक नाव ताडून पाहिलं. कामाला लागल्याच्या तारखा शाबूत आहेत. त्या तीन ओळींच्या माणसाची सेवा २००८ पासूनची निघाली, एक्सेलमध्ये ती २०२१ पासून होती.

७ फेब्रुवारी, बुधवार

निर्णय पक्का: मागं पोस्टग्रेस, पुढं लिबरऑफिस बेसचे फॉर्म. बेसचे फॉर्म दिसायला जुनाट आहेत आणि छापील तक्ते जुळवताना वेळ जातो, हे अण्णांना आधीच सांगितलं. प्रत्येक तक्त्याला प्राथमिक कळ, म्हणजे ओळ वेगळी ओळखू येणारा रकाना, हवीच, नाहीतर बेस त्यात काही बदलू देत नाही.

सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. जुन्याच डेस्कटॉपला एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क, एक यूपीएस, फाटकापर्यंत वायर आणि स्विच, दोन पेन ड्राइव्ह, मिळून ८,१०० रुपये. माझी मजुरी वेगळी. फुकट सॉफ्टवेअर म्हणजे फुकट व्यवस्था असं कुणी समजू नये. कुणीतरी ती सांभाळायला लागतं, आणि त्याचे पैसे धरायला लागतात.

रोज रात्री नक्कल निघते, कुलूपबंद होऊन पेन ड्राइव्हवर जाते. दोन ड्राइव्ह आठवड्यानं अदलाबदल, एक नेहमी अण्णांच्या घरी. आज परीक्षा दिवाणजींची होती, त्या नकलेवरून सगळं परत उभं करायची. माझ्या लॅपटॉपवर, मी खोलीबाहेर, हातात फक्त भिंतीवरचा मराठीत लिहिलेला कागद. चाळीस मिनिटं लागली. माणसं चौसष्ट, जानेवारीच्या पगाराची बेरीज रुपयाला रुपया जुळली. कागदावरची चौथी पायरी त्यांना कळली नव्हती, ती त्यांच्याच शब्दांत पुन्हा लिहिली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

पीएफचा भरणा १५ तारखेच्या आत. विवरणाची फाइल म्हणजे साधा मजकूर, माणशी एक ओळ, अकरा रकाने, मधे #~# ही खूण. दिवाणजींना ती दर महिन्याला दीड दिवस लागायची. आज एका क्वेरीत, डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात, निघाली. पहिल्या खेपेला एक ओळ चुकली: ५८ पूर्ण झालेल्या वॉचमनचा पेन्शनचा वाटा मी शून्य केला होता, पण ती रक्कम त्याच्या पीएफच्या रकान्यात नेली नव्हती. दिवाणजींच्या नजरेनं पकडली. सूत्र दुरुस्त केलं, फाइल चढली.

हेमिंगच्या मावशींच्या नावदुरुस्तीचा संयुक्त अर्जही आज अण्णांच्या सहीनं गेला. आधार समोर ठेवून, अक्षर अक्षर वाचून भरला.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळच्या पाळीला फाटकावर एक माणूस आला. दोन वर्षं भिवंडीला मागावर होता, आता परत आलाय. फाटकावरच्या पोरानं सवयीनं विचारलं, "नवीन का?" मग नाव टाइप केलं. पडद्यावर फोटो आला, केस काळे असतानाचा, आणि खाली जुना नंबर: ३१.

तो वाकून पडद्याकडं बघत राहिला. "माझा नंबर ठेवलाय व्हय?" म्हणाला, आणि डबा घेऊन शेडकडं गेला. नोकरीच्या काळात नवी ओळ भरली.